नंदूभाऊंचा तळाचा घास

नंदकिशोर दिग्रसकर यांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मला ते दिसले नव्हते, फक्त ऐकू आले होते.

राजूरच्या मैदानावर आमच्या मंडळीचा प्रयोग होता. खाणीतली पाळी सुटून आलेली माणसं आंघोळी करून, केस विंचरून, बायकापोरांसह पुढ्यात बसलेली. मी राणी होते. डोक्यावर पुठ्ठ्याचा मुकुट, गळ्यात खोटे मोती. दुसऱ्या अंकात प्रधानाशी भांडता भांडता माझं वाक्य हरवलं. रंगमंचावर उभं राहिलेल्यालाच ठाऊक, अशा वेळी एक क्षण किती लांब होतो. तेवढ्यात विंगेतून एक आवाज आला. इतका हलका, की मला वाटलं वाक्य माझ्याच मनात उगवलं. मी ते म्हटलं, टाळ्या पडल्या, माझं राज्य वाचलं. पडदा पडल्यावर कळलं की प्रॉम्प्टरच्या बॅटरीतले सेल अंक सुरू होतानाच संपले होते. त्या पोरानं वही मिटून, काळोखात, सगळा अंक तोंडपाठ सांभाळला होता. बावीस वर्षांचा, काडीसारखा. दिवसा यवतमाळातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काचा धुवायचा आणि हिवाळाभर आमच्याबरोबर गावोगाव फिरायचा.

"तुला एवढं सगळं आठवलं कसं रे?" मी विचारलं.

"मला कुठं आठवलं, ताई? तुम्ही कुठं अडता ते मला माहीत आहे. तिथं पोचलं की पुढचं वाक्य आपोआप येतं."

मंडळी मोडली त्याला आता तीस वर्षं झाली. मोती कुठं गेले, मुकुट कुठं गेला, कुणास ठाऊक. नंदूभाऊ मात्र त्याच लॅबमध्ये राहिले, काचा धुता धुता तंत्रज्ञ झाले, आणि सहासष्टाव्या वर्षीही अर्धा दिवस कामावर जातात. माझं घर तिथून चार पावलांवर. सकाळचं फिरणं झालं की मी त्यांच्याकडे चहाला थांबते. लॅबच्या दारात कडुनिंब आहे, त्याखाली बाक, आणि आत एक खोली आहे जिथं सदैव मेणाचा आणि स्पिरिटचा वास असतो. मला तो वास आवडतो. आमच्या रंगपटात साधारण असाच वास यायचा.

त्यांचं काम सांगायला सोपं आहे. दवाखान्यात डॉक्टरांनी रोग्याच्या अंगातून काढलेला तुकडा फॉर्मॅलिन नावाच्या, कुजू न देणाऱ्या द्रवात बुडवून त्यांच्याकडे येतो. ते त्याला स्पिरिटमधून नेतात, वितळलेल्या मेणात मुरवतात, आणि मेण थंड झालं की वडी तयार होते. तिला ब्लॉक म्हणतात. मग मायक्रोटोम नावाच्या यंत्रावर तिचे काप काढायचे, केसाच्या दहाव्या हिश्शाइतके पातळ. काप काचेवर घ्यायचा, रंगवायचा, आणि डॉक्टर चारुदत्तांच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा. ब्लॉकवरचा आकडा नंदूभाऊ पेन्सिलीनं लिहितात. शाई स्पिरिटमध्ये धुऊन जाते, पेन्सिल जात नाही.

आणि त्यांची एक खोड आहे. ते कुठलाही ब्लॉक तळापर्यंत कापत नाहीत. त्यांची आई पातेलं कधी खरवडून रिकामं करायची नाही, तळाशी एक घास ठेवायची. कुणी अवचित आलं तर, म्हणायची. नंदूभाऊ ब्लॉकच्या तळाशी तसा घास ठेवतात. चारुदत्त त्यांच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, ते चिडवतात, "नंदूभाऊ, ही लॅब आहे, स्वयंपाकघर नाही." नंदूभाऊ हसतात आणि ब्लॉक कप्प्यात ठेवून देतात. भिंतभर कप्पे आहेत. उन्हाळ्यात तिथलं मेण मऊ पडून वड्या एकमेकींना चिकटू नयेत म्हणून त्या भिंतीला कूलर लावलेला आहे. माणसं घामानं भिजतात.

गेल्या उन्हाळ्यात त्या बाकावर वच्छलाबाई येऊन बसल्या.

नेरजवळच्या गावातलं त्यांचं घर, कापूस आणि तुरीची शेती. वय त्रेसष्ट. मार्चात त्यांच्या आतड्यात नळी टाकून पाहिलं, तेव्हा गाठ दिसली. तिचा एक कण काढून तपासला, तो कॅन्सर निघाला. एप्रिलमध्ये ऑपरेशन झालं, गाठ निघाली. बाई खुटखुटीत होत्या. बरोबर थोरली लेक प्रेरणा होती. सव्वीस वर्षांची, तहसील कचेरीत नोकरी, नजर सरळ. पुसदच्या अक्षय नावाच्या शिक्षकाशी तिचं लग्न ठरलं होतं.

"मायं जाऊ द्या, डॉक्टरसाहेब," वच्छलाबाई म्हणाल्या. "मायं पोट तुमी लोकायनं साफ केलं. या पोरीचं सांगा. अन् घरी लहानी आहे, अपेक्षा, तिचं."

भीतीचं कारण होतं. त्यांचा भाऊ पन्नाशीतच पोटाच्या दुखण्यानं गेला होता. आणि आता वच्छलाबाईंच्या गाठीच्या तपासणीत चारुदत्तांना दिसलं होतं की पेशीतला एक जीन तिथं मुका झालेला आहे. पेशी स्वतःची नक्कल करताना चुका करते. त्या चुका दुरुस्त करणारा तो जीन. तो जन्मापासूनच बिघडलेला असेल तर पोटच्या पोरांनाही तो तसाच मिळण्याचा संभव अर्धा. मग दोघी मुलींनी पंचविशीपासून दर एक-दोन वर्षांनी नळी टाकून घेत राहायची, जन्मभर.

"आणि जन्मापासून नसेल तर?" प्रेरणानं विचारलं.

"तर तो फक्त या गाठीत, वयामुळे गप्प झालाय. मिथिलेशन म्हणतात त्याला. ते मोजता येतं. नागपूरला मोजतात." चारुदत्तांना पुढची काच बघायची होती. "रक्ताची मोठी तपासणी नंतर बघू. हे निघालं तर तिची गरजच पडणार नाही."

मायलेकी बाहेर आल्या. चेहऱ्यांवरून दिसत होतं की शब्द ऐकू आले, अर्थ पोचला नाही. नंदूभाऊंनी मला खूण केली आणि आतून एक वही आणली. पिवळी पडलेली, दोऱ्यानं शिवलेली. मी ती तीस वर्षांनी पाहत होते. आमच्या नाटकाची प्रॉम्प्टिंगची वही.

"हे बघा, वच्छलाबाई," ते त्यांच्याशेजारी बसले. "नाटक एकच. पण राजूरला प्रयोग असला की लोक पाळीहून दमून येत. तिथं आम्ही दुसऱ्या अंकातलं हे गाणं गाळायचो. नेरला गाळलं असतं तर लोकांनी खुर्च्या फेकल्या असत्या."

"फेकल्याच असत्या," वच्छलाबाई म्हणाल्या. "मी होतो ना त्या नाटकाले. राणी लय गोरी होती."

"पावडर होती," मी म्हटलं. त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं आणि तोंडावर पदर धरला.

"तर गाळायचं कसं?" नंदूभाऊंनी पान उघडलं. गाण्याच्या ओळींवर पेन्सिलीच्या बारीक तिरप्या रेघा होत्या. "ओळी आहेत तिथंच आहेत. फक्त खूण केली, ही म्हणायची नाही. पेशीतही असंच असतं. सगळ्या अंगात वही एकच, पण डोळ्यात एक भाग गाळतात, आतड्यात दुसरा. तुमच्या गाठीत तो चुका सुधारणारा भाग कुणी म्हटला नाही. आता बघायचं एवढंच, की पान मुळातच फाटलेलं होतं का त्यावर पेन्सिल फिरली. पान फाटलेलं असेल तर तुमच्या वहीवरून उतरवलेल्या वह्यांतही ते फाटलेलं असू शकतं. पेन्सिल असेल तर ती फक्त त्या एका प्रयोगापुरती."

वच्छलाबाई कितीतरी वेळ त्या रेघांवरून बोट फिरवत राहिल्या.

"पेन्सिल असली पाह्यजे, बाप्पा," त्या म्हणाल्या. "तो पुसदचा पोरगा म्हणते, मले काही फरक पडत नाही. हीच ऐकून नाही राह्यली. रिपोर्ट आल्याबिगर तारीख काढायची नाही म्हणते."

"त्याले पडत नसंल, आई. मले पडते," प्रेरणा म्हणाली. "उद्या माह्या पोटी पोरगी झाली, त तिले काय सांगू? माहीत करून घेतलं नाही म्हणून?"

ऑपरेशनच्या गाठीतला ब्लॉक नागपूरला गेला. पंधरा दिवसांनी उत्तर आलं. नमुन्यातला डीएनए इतका तुटलेला आहे, की निष्कर्ष देता येत नाही.

नंदूभाऊंनी ते पत्र दोनदा वाचलं. मग गाठ ज्या बरणीत आली होती ती मागच्या फळीवरून काढली, झाकण किंचित सैल केलं आणि लगेच बंद केलं. वाफ झोंबून दूर बसलेल्या माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी चपला घातल्या आणि दवाखान्याकडे निघाले. मीही निघाले.

तिथं हंसाबाई होती. ऑपरेशनच्या खोलीतली सगळी आवराआवर करणारी मावशी. वच्छलाबाईंच्याच गावची लेक.

"हंसाबाई, त्या बरणीत फॉर्मॅलिन कुणी भरलं?"

"मीच." तिच्या आवाजात थोडा अभिमानच होता. "कॅनमधलं निवळ, काठोकाठ. अक्षय तृतीयेच्या सुट्ट्या होत्या जी, मंग तुमचे डॉक्टर लगनाले गेलते. सहा दिस बरणी इथंच. मले वाटलं, लोणच्यावरचं तेल कमी झालं की बुरा येते. म्हणून वरून अजून टाकलं. दोन खेपा. वच्छलामायचं होतं ना, परकं थोडंच."

नंदूभाऊ तिच्यासमोर स्टुलावर बसले.

"बाई, ते लोणचं नाही. त्या कॅनमधल्या एका वाटीला नऊ वाट्या पाणी लागतं, क्षार लागतात. आणि एक दिवस, फार तर दोन. निवळ टाकलं की वरून सालपट धरतं, आणि सहा दिवसांत आतली अक्षरं एकमेकांना चिकटून तुटतात. आज नागपूरचं पत्र आलं. त्यांना काही वाचता आलं नाही."

हंसाबाईच्या हातातला कपडा थांबला. "मंग प्रेरणाचं लगन माह्यामुळं अडलं का?"

मी मनात म्हटलं, नाही म्हणा, नंदूभाऊ. मी असते तर म्हटलं असतं. आम्हा नटांना खोटं बोलायची सवय असते.

"अडलं," ते म्हणाले. "तुम्ही मायेनं केलं, पण अडलं. तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, ही आमची चूक."

ती भिंतीला टेकून खाली बसली. डोळे पुसले. मग एकाएकी म्हणाली, "अन् तो मार्चातला? नळी टाकून कण काढलता, तो? त्याची बाटली त तुमीच भरून धाडली होती. मी नुसती नेऊन देल्ली. दुसऱ्या दिशी पोचली तुमच्याकडं. तिले मी हात नाही लावला."

नंदूभाऊ उठून उभे राहिले.

लॅबमध्ये परतल्यावर चारुदत्त म्हणाले, "तो ब्लॉक संपला असेल. तांदळाच्या दाण्याएवढा तर होता, आणि आपण त्यातून किती काप काढले."

"मी तळ ठेवतो, साहेब."

डॉक्टरांनी त्यांच्याकडे पाहिलं. या वेळी चिडवलं नाही.

कप्प्यातून ब्लॉक निघाला. पेन्सिलीचा आकडा काल लिहिल्यासारखा होता. नंदूभाऊंनी तो खिडकीच्या उजेडात धरला. पांढुरक्या मेणात तिळाएवढा करडा ठिपका होता, पाण्यातून खालचा खडा दिसावा तसा.

"यात गाठीचा भाग उरलाय की नुसतं शेजारचं आतडं, ते कापल्याशिवाय कळणार नाही," चारुदत्त म्हणाले. "आणि एकदा वाया गेलं की गेलं. तुम्हीच कापाल?"

नंदूभाऊंनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं. दोन वर्षांपासून त्यांचा हात थरथरतो. चहाचा कप उचलला की बशी किणकिणते.

"उद्या पहाटे," ते म्हणाले. "दुपारी मेण लोण्यासारखं होईल."

मे महिन्यातली यवतमाळची पहाट म्हणजे दिवसभरातली एकच दयाळू वेळ. साडेपाचला मी घरच्या फ्रीजमधला बर्फ स्टीलच्या डब्यात घालून लॅबमध्ये गेले. रस्त्यावर कुणी नव्हतं. कोकिळा एका झाडावरून विचारत होती, दुसऱ्या झाडावरून कुणी उत्तर देत नव्हतं. आकाश जांभळट, धुतलेल्या पडद्यासारखं. मला क्षणभर वाटलं, तिसरी घंटा झाली आहे आणि मी उशिरा पोचते आहे.

नंदूभाऊंनी यंत्र स्पिरिटनं पुसून ठेवलं होतं, म्हणजे दुसऱ्या कुणाचा कण यात मिसळायला नको. नवं पातं बसवलं होतं. ब्लॉक बर्फावर ठेवला. मग त्यांनी पंखा बंद केला, कूलर बंद केला, खिडकी लावली.

"ताई, आता संवाद नको. श्वाससुद्धा तिकडे सोडा. काप उडतो."

मी भिंतीला टेकून उभी राहिले. ब्लॉक यंत्रात बसवून ते वाकले आणि नुसतं बघत राहिले. पात्याची धार आणि ब्लॉकचा माथा यांच्यामध्ये उजेडाची एक रेघ होती. ती एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला बारीक. ती सगळीकडे सारखी व्हायला हवी. नाहीतर पहिले काही काप तिरके जातात, आणि ते जाऊन चालणार नव्हतं. तिळातून द्यायचं तरी किती? ते एक स्क्रू जरासा फिरवायचे, बघायचे, पुन्हा फिरवायचे. घाम कपाळावरून भुवईत उतरला. दहा मिनिटं गेली असतील. रेघ एकसारखी झाली, केसाएवढी, आणि त्या केसाएवढ्या फटीतून सकाळ आत आली.

त्यांनी चाकावर हात ठेवला. मी त्या हाताकडे बघत होते. तो थरथरत नव्हता.

चाक फिरलं. पात्यावर एक पापुद्रा उमलला, त्याला चिकटून दुसरा, मग तिसरा. त्यांनी ती पट्टी ओल्या कुंचल्यानं उचलली आणि कोमट पाण्याच्या भांड्यात सोडली. पाण्यावर ती पसरली, सुरकुत्या आपसूक निघाल्या. इतकी पातळ की पाण्यावर काही आहे हे फक्त तिच्या कडेच्या चमकेवरून कळत होतं. त्यांनी काच खालून पाण्यात घातली आणि एकेक काप तिच्यावर अलगद उचलला. पाचव्या कापाला घडी पडली. त्यांचे ओठ हलले. मला वाटलं ते देवाचं नाव घेताहेत. मग कळलं, ते राणीचं वाक्य म्हणत होते. राजूरला मी विसरले होते तेच.

मी त्यांना पुढचं वाक्य दिलं, अगदी हलक्या आवाजात, तोंड भिंतीकडे करून. घडी उलगडली.

दहा काप झाले आणि त्यांनी चाक थांबवलं. ब्लॉक काढून पुन्हा उजेडात धरला. ठिपका अजून होता. मोहरीच्या अर्ध्याएवढा. तो त्यांनी कप्प्यात ठेवला.

पहिला आणि शेवटचा काप चारुदत्तांनी रंगवून पाहिले. मलाही दाखवले. गुलाबी रानात निळ्या ठिपक्यांची दाटी, विमानातून बघितलेलं अनोळखी गाव जणू. "ही गाठ," डॉक्टर म्हणाले आणि काचेवर पेनानं गोल काढला. "दोन्ही टोकांना आहे, म्हणजे मधल्या आठ कापांतही आहे." नंदूभाऊंनी त्या आठांवरचा फक्त गोलातला भाग खरवडून बारीक नळीत भरला. पोस्टानं पाठवायला त्यांचं मन होईना. आम्ही दोघं एसटीनं नागपूरला गेलो. नळी त्यांच्या सदऱ्याच्या खिशात होती, वरून हात.

नागपूरच्या लॅबमध्ये मिताली नावाची मुलगी भेटली. तिथं ही मोजणी तीच करते. तिनं नळीवरचा आकडा पाहिला आणि हसली.

"तुम्हीच का ते यवतमाळचे काका? चार वर्षं तुमच्या पेन्सिलीचे आकडे बघते आहे. ब्लॉक हातात आला की कळतं, हा नीट मुरवलेला असणार."

नंदूभाऊ लाजले. पन्नाशीतल्या नवरदेवासारखे लाजले म्हणा ना.

तिनं काचेपलीकडची खोली दाखवली. आधी मेण उतरवायचं, पेशी पचवायच्या, डीएनए सोडवायचा. मग बायसल्फाइट नावाच्या रसायनात तो ठेवायचा.

"ज्या अक्षरावर मिथिलेशनची खूण नाही ते या रसायनात बदलून जातं. खूण असलेलं तसंच टिकतं," ती म्हणाली. "मग वाचलं की समजतं, खुणा कुठं होत्या आणि शंभरातल्या किती प्रतींवर होत्या. पण हे धुणं निर्दय असतं, काका. पानं फाटतात. बरीच वाहून जातात. म्हणून आधीच फाटकं आलं की मी काही करू शकत नाही. मागच्या वेळी तसंच झालं."

"पडताळ्याला बरोबर काय लावता?"

"तीन नळ्या. एक सगळ्या खुणांची, एक बिनखुणांची, आणि एक नुसत्या पाण्याची. पाण्यात काही वाचता आलं, तर सगळं टाकून पहिल्यापासून."

नंदूभाऊंनी मान डोलावली. कुणीतरी आपल्यासारखंच काम करतं आहे, याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर होतं. "आणि या नळीत खुणा नसल्या तर?"

"तर तसं लिहीन," मिताली म्हणाली. "तेही उत्तरच आहे."

परतीच्या एसटीत ते खिडकीला टेकून झोपले. खिसा रिकामा होता तरी हात तिथंच होता. बाहेर उन्हानं पांढरी झालेली रानं सरकत होती. माझाही डोळा लागला असावा. मला आमचा रंगमंच दिसला. प्रयोग चालू होता, आणि विंगेत गाळलेल्या प्रवेशातली सगळी मंडळी पोशाख करून, रंग लावून उभी होती. दरबारी, दासी, हातात ताट घेतलेली गाण्यातली मुलगी. कुणीही रागावलेलं नव्हतं. ती नुसती वाट बघत होती, की कधीतरी कुणी खूण पुसेल आणि आपल्याला बोलावेल. मी त्या मुलीला नाव विचारणार, तोच कंडक्टरनं कळंब आल्याचं ओरडून सांगितलं.

नऊ दिवस गेले. त्या नऊ दिवसांत नंदूभाऊंनी दवाखान्यातल्या प्रत्येक बरणीसाठी फॉर्मॅलिन स्वतः कालवून दिलं, आणि हंसाबाईला कालवायला शिकवलं. ती वाट्या मोजताना मोठ्यानं आकडे म्हणायची.

दहाव्या दिवशी चारुदत्तांनी मायलेकींना बोलावलं. हंसाबाई न बोलावता आली आणि दाराशी उभी राहिली. मला कुणी बाहेर जा म्हटलं नाही, म्हणून मीही राहिले.

डॉक्टरांनी कागद उघडला. "शंभरात एक्केचाळीस," ते म्हणाले. "बिनखुणांच्या नळीत दोन. गाठीत निरोगी पेशीही मिसळलेल्या असतात, त्यामुळे एक्केचाळीस म्हणजे भरपूर." मग त्यांना समोरचे चेहरे दिसले. ते थांबले, आणि शब्द शोधून म्हणाले, "वच्छलाबाई, पेन्सिल आहे."



"पान फाटकं नाही?" वच्छलाबाईंनी विचारलं.

"नाही. शंभर टक्क्यांची भाषा आम्ही करत नाही, पण हे तुमच्याकडून मुलींकडे जाणारं नाही, असं मी लिहून देतो. दोघींनी चाळिशी आली की एकदा तपासून घ्यायचं. आईला झालं होतं, तेवढं लक्षात ठेवायचं."

"अन् माह्या भावाचं?"

"त्यांचं काय होतं ते आता कळायचं नाही. त्यांचा तुकडा कुणी ठेवला नाही."

वच्छलाबाईंनी मान हलवली. प्रेरणा उठली, आईच्या खांद्यावर हात ठेवला, मग बाहेर कडुनिंबाखाली गेली. खिडकीतून तिची पाठ दिसत होती, कानाला फोन. ती काय बोलली ते ऐकू आलं नाही. एकदा तिनं डोळे पुसले, एकदा हसली, आणि मग झाडाची साल नखानं सोलत बराच वेळ ऐकत राहिली.

हंसाबाईनं पदराखालून एक बरणी काढून टेबलावर ठेवली. चारुदत्त दचकून मागे सरले.

"घाबरू नका जी. आंब्याचं आहे," ती म्हणाली. "यात तेल बरोबर आहे."

हसू ओसरल्यावर वच्छलाबाई नंदूभाऊंकडे वळल्या. "तो मायावाला तुकडा दाखवता का?"

नंदूभाऊंनी कप्पा उघडून ब्लॉक त्यांच्या तळहातावर ठेवला. त्या खरखरीत, कापूस वेचून भेगाळलेल्या हातावर ती मेणाची वडी फार स्वच्छ दिसत होती. बाईंनी डोळे बारीक करून ठिपका शोधला.

"एवढूसा? यात सगळं लिहेल होतं?"

"सगळं."

"मले देता? घरी नेतो."

"नाही देता येत. दहा वर्षं ठेवायचा नियम आहे."

वच्छलाबाईंनी मनातल्या मनात हिशेब केला. इतके दिवस त्यांनी स्वतःबद्दल एकही प्रश्न विचारला नव्हता. त्र्याहत्तर, त्यांचे ओठ पुटपुटले.

"ठेवा मंग नीट," त्या म्हणाल्या. "दहा वर्षांनं येईन न्यायले."

त्यांनी ब्लॉक परत दिला. नंदूभाऊंनी कानामागची पेन्सिल काढली, आकडा स्पष्ट होता तरी त्यावरून पुन्हा एकदा फिरवली, आणि कप्पा लावून घेतला.